बारावं मरण

१

भावाच्या नखांतली खळ काढायला आत्याला अर्धा तास लागला. इस्पितळातली नर्स दोनदा म्हणाली, "बाई, राहू द्या आता, कोण बघणार आहे?" पण आत्याची तीस वर्षं खानावळींची स्वयंपाकघरं तपासण्यात गेली होती. परक्या आचाऱ्याचे मळके हात जिला कधी खपले नाहीत, ती सख्ख्या धाकट्या भावाला तसल्या हातांनी कशी जाऊ देणार? खळ कोपरापर्यंत होती. वाळून तिच्या खपल्या झाल्या होत्या आणि कोमट पाण्याने त्या पुन्हा बुळबुळीत होत होत्या. आत्याला मळमळत होतं, तरी तिने एकही नख सोडलं नाही.

भावाचा धंदाच तसला होता. कॉम्प्युटरवर खेळ खेळणाऱ्यांची खोली भारून टाकायचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात तो आवाज करायचा. स्क्रीनमागे दिव्यांच्या पट्ट्या, चार कोपऱ्यांत स्पीकर, खुर्चीत थरथरणारी गादी. खेळात गोळी लागली, की भिंती लाल होणार, पाठीत दणका बसणार आणि कानाशी कोणीतरी विव्हळणार. ते विव्हळणं भावाचं; म्हणून कारखान्यात सगळे त्याला आवाजकाका म्हणत. गाजर मोडून हाडं मोडल्याचा आवाज, ओलं चामडं आपटून थपडांचा, आणि त्या दिवशी घमेलंभर खळ मळून दलदलीत रुतणाऱ्या पावलांचा.

डॉक्टर सरळ बोलले. "झटका साडेतीनच्या सुमाराला आला असावा. जीव गेला पाचच्या आसपास. मधे कोणी उचलून आणलं असतं, तर आठवड्याने चालत घरी गेले असते."

कारखान्यातल्यांना तो संध्याकाळी सहा वाजता सापडला होता.

आणि दुपारी तीन बेचाळीसला त्याच्या फोनवरून त्याच्या लेकीला एक फोन गेला होता. लेक शाळेत शिकवते. ती फळ्यासमोर उभी होती, पर्समध्ये फोन थरथरला आणि तिने तो न बघता कापला.

सहा दिवस झाले, पोरीच्या तोंडी एकच वाक्य होतं. "आत्या, बाबांनी मला हाक मारली आणि मी कापली." जेवण नाही, आंघोळ नाही. बापाचा तो जुना बटणांचा फोन मुठीत धरून पलंगावर बसून राहायची. अशी आणखी आठ दिवस बसली, तर ही पण हातची जाणार, हे आत्याला स्पष्ट दिसत होतं.

सहाव्या सकाळी पोरीचा जरा डोळा लागला. आत्याने तिच्या मुठीतून फोन अलगद काढला आणि सवयीने उजेडात धरला. शी! बटणांच्या फटींत किती वर्षांचा काळा मळ. म्हणजे हा फोन कोणी पुसला नव्हता, कधीच.

पण त्या मळावर खळीचा एक कणही नव्हता. कोपरापर्यंत खळीने भरलेल्या हातांनी भावाने हा फोन लावलाच कसा?

२

कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं एक लांबलचक दालन. आत पाऊल टाकताच आत्याने पदर नाकाला लावला. उंदीर मेल्यासारखा एक आंबूस वास, आणि त्यावर कोणीतरी फवारलेलं फुलांचं अत्तर. घाण लपवायला सुगंध मारणारी माणसं तिने आयुष्यभर पाहिली होती. एकही चांगली निघाली नव्हती.

मालक लगबगीने पुढे आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा सदरा, बोटांत दोन अंगठ्या.

"या ताई, या. काय सांगू तुम्हाला! काका म्हणजे या जागेचा प्राण होते. देवमाणूस. असा कलावंत पुन्हा होणे नाही."

मेल्या म्हशीला मणभर दूध, आत्या मनात म्हणाली. याच कलावंताला गेल्या वर्षी खुर्ची मागितल्यावर 'स्टूल काय वाईट आहे' म्हणून ऐकवलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"मी त्याचं सामान न्यायला आलेय," ती म्हणाली. "आणि चार माणसांशी चार शब्द बोलेन म्हणते. शेवटचं कोणी पाहिलं, काय बोलला. घरी पोरीला सांगायला."

"अवश्य. पण खोलीत मात्र नका जाऊ. दुखवटा म्हणून सहा दिवस बंद ठेवलीय."

ती खोली दालनाच्या मधोमध होती. तिची एक बाजू दुधी काचेची. सगळे तिला 'गुहा' म्हणत. गिऱ्हाईक आलं की त्याला आत बसवून खेळवायचं, आणि बाहेरच्यांनी काचेवर रंग नाचताना बघायचे. एरवी भाऊ तिथेच ध्वनिमुद्रण करी. दाराशेजारी एक लाकडी पेटी ठोकलेली होती, तिला सहा खण.

"हे काय?"

"फोनची पेटी. आत जाताना फोन इथे ठेवायचा. आत नेला तर माइकमध्ये गुणगुण येते. काकांचाच नियम. एकदा मी चुकून नेला, तर मालक असून मला बाहेर काढलं त्यांनी!" मालक हसले.

आत्या हसली नाही. "मग त्या दिवशी त्याचा फोन कुठे होता?"

"पेटीतच. सहापर्यंत मी खोलीत पाऊलच टाकलं नव्हतं. मग कळलं, तेव्हा मीच काढून इस्पितळात पाठवला ना."

बोलून गेल्यावर मालकांचं हसू जरासं ओसरलं, की आत्यालाच तसा भास झाला, कोण जाणे. फोन बाहेर, भाऊ आत. एक नंबरचं बटण दाबून धरलं की लेकीला लागतो, हे भाऊ गावभर सांगत सुटलेला असे. म्हणजे तीन बेचाळीसला या पेटीपाशी उभं राहून दुसऱ्याच कोणीतरी ते बटण दाबलं होतं. आत माणूस मरतोय हे ज्याला माहीत होतं, त्याने.

३

काचेला सगळ्यात जवळ बसायचा तो खेळाडू. विशीबाविशीचा, दिवसभर खेळून सामान तपासायचं हेच त्याचं काम. बोटं यंत्रासारखी चालत म्हणून त्याचं नाव पडलं होतं 'बोटं'. मांडीवर मसालेदार वेफर्सचं पाकीट. कीबोर्ड, माउस, हेडफोन, शर्टाची बाही, सगळ्यावर केशरी चुरा आणि तेलाचे ठसे. आत्याने रुमाल अंथरूनच खुर्ची घेतली.

"आत्या, खरं सांगतो, मला काही ऐकूच आलं नाही. माझे कान हेडफोनमध्ये. दोन ते पाच मी उठलोच नाही."

"लघवीलासुद्धा?"

"नाही." त्याने नजर वळवली. टेबलाखाली एक झाकण लावलेली बाटली होती. आत्याने ती पाहिली आणि पाहिली नसती तर बरं, असं तिला वाटलं.

पण एवढ्या घाणीतून एक गोष्ट स्वच्छ झाली. हा ज्या वस्तूला हात लावील, ती केशरी होणार. भावाच्या फोनवर काळा मळ होता, केशरी नव्हता. पोरगं घाणेरडं खरं, पण फोनपुरतं निर्दोष.

दुसरा दिवेवाला. चाळिशीचा, चष्मा, स्वतःशी बोलायची खोड. दिव्यांच्या पट्ट्या त्याच्या हातच्या. त्याचं टेबल बरोब्बर काचेसमोर होतं.

"आवाज आले होते?" आत्याने विचारलं.

"आले ना. कण्हण्याचे. पण ताई, इथे दिवसभर कोणी ना कोणी कण्हतच असतं. काकांनी अकरा मरणं केली होती. मरण चार म्हणजे बुडून, मरण सात म्हणजे विष... आम्हाला पाठ आहेत. जेवतानाही चालू असतात."

"अकराच?"

"मालक मागे लागले होते, डझन पुरं करा म्हणून. काका म्हणायचे, अकरा पुरे, बारावं माझं मला लागेल."

हा विनोद भावाने घरीही केला होता, आणि आत्या त्याच्यावर चांगली डाफरली होती.

"मग त्या दिवशीचं कण्हणं कितवं होतं?"

दिवेवाला चष्मा काढून पुसू लागला. "नीट लक्ष नव्हतं. माझं लक्ष दिव्यांकडे असतं. त्या दिवशी दिव्यांतच घोळ होता, मी वहीत लिहिलाय." मग घाईने म्हणाला, "पण लगेच दुरुस्त झाला."

तिसरी मालकांची मेहुणी. विक्री ती बघे. बोलणं गोड, कपाळावर आठ्या, हातात नव्या पत्रकांचा गठ्ठा.

"मी सव्वातीनपासून खाली फाटकापाशी होते, पाहुण्यांची वाट बघत. मोठं गिऱ्हाईक, तीन माणसं. चारला त्यांना वर आणलं, इथेच काचेसमोर बसवलं, चहा दिला. एवढे खूश झाले! म्हणाले, आजवर खूप ठिकाणी पाहिलं, पण आवाज आणि दिवे इतके हुबेहूब कुठे..." ती थांबली. गठ्ठा तिने छातीशी धरला.

"कुठला आवाज, बाळ?"

"तो... कण्हण्याचा. म्हणाले, हाच पाहिजे."

आत्याने हात पुढे करून एक पत्रक ओढून घेतलं. गुळगुळीत कागद, लाल भिंती, खुर्चीत तोंड वासून बसलेला तरुण. आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'अंगावर काटा आणणारी बारा मरणं.'

४

"खोली उघडा," आत्या म्हणाली.

"ताई, अहो दुखवटा..." मालकांनी सुरू केलं.

"माझा भाऊ, माझा दुखवटा. उघडा."

दिवेवाल्याने दार उघडलं आणि दालनभर पसरलेल्या त्या वासाचं मूळ अंगावर आलं. घमेलं तसंच होतं. सहा दिवसांची खळ, वर हिरवी-काळी बुरशी, कडेला अळ्या. स्टूल आडवं पडलेलं. जमिनीवर सांडलेली खळ वाळून तडकली होती, आणि जिथे माणूस पडला होता तेवढी जागा मोकळी राहिली होती. जिथे माणूस मेला ती जागा पुसायची कोणाला गरज वाटली नव्हती. दाराच्या फटीतून अत्तर मारलं की झालं.

"शी!" आत्याच्या तोंडून जोरात निघालं.

आणि चारही भिंती लालभडक झाल्या.

ती दचकून दोन पावलं मागे आली. लाल विझला. तिने घसा खाकरला, तसा पुन्हा फिका लाल झिरपला आणि गेला.

"असं होता कामा नये," दिवेवाला पुटपुटला. "दिवे कॉम्प्युटरमधल्या आवाजावर चालतात. खोलीत कोणी बोललं, शिंकलं, तर पेटत नाहीत. हां, बटण माइककडे फिरवलं असेल तरच..." तो भिंतीवरच्या फळीकडे गेला. "माइककडेच आहे. कोणी फिरवलं?"

"हात नका लावू." आत्याने चष्मा चढवला आणि वाकून बघितलं. फळीवर, कळींवर, बटणाच्या कडेला केशरी तेलकट चुरा होता, बोटं त्या दिवशी सकाळी इथे खेळला होता त्याचा. खळ नाही. एक पापुद्रासुद्धा नाही. "माझ्या भावाने फिरवलेलं नाही. त्याचे हात लागले असते तर मला इथे खरवडावं लागलं असतं. आणि हे पोरगं दुपारी जागचं हललं नाही, त्याचा पुरावा टेबलाखाली आहे. आता मला ती वही दाखवा."

वही म्हणजे मालकांचा अभिमान. कापडी बांधणीची, पानांना आकडे घातलेली. बिघाड कितीही बारीक असो, लिहायचाच. वेळ, काय बिघडलं, कोणी लिहिलं, कधी दुरुस्त झालं, आणि शेवटी मालकांची सही. खानावळीत गेल्यावर आत्या नेहमी आधी वही मागायची, चूल मागाहून. माणसं भांडी घासून ठेवतात, पण वहीत सवयीने लिहून गेलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही.

तिने सहा दिवस मागचं पान काढलं. दिवेवाल्याचं अक्षर बारीक आणि सुबक.

'३.३३. आवाज येतो, लाल येत नाही.'

'३.३६. पुन्हा तेच. आवाज वाढला, दिवे निळेच.'

'३.४०. आवाज सलग, दिव्यांत काही फरक नाही. मालकांना सांगितले.'

आत्याने ते तीनदा वाचलं. अक्षरं हलायला लागली तशी तिने भिंतीला हात टेकवला आणि भिंत चिकट लागताच मागे घेतला. हा चष्मेवाला माणूस काचेपासून चार हातांवर बसून होता. आत तिचा भाऊ तडफडत होता. आणि याने मनगटावरचं घड्याळ बघून, वेळेसकट, त्याची बिघाड म्हणून नोंद केली होती. कॉम्प्युटरमधलं मरण असतं तर भिंती लाल झाल्या असत्या. लाल होत नव्हत्या, म्हणजे कण्हणं खरं होतं. ते सरळ काचेवर लिहिलेलं होतं आणि त्याला फक्त दिवे दिसले.

शेवटच्या रकान्यात वेगळं, मोठं, ऐटदार अक्षर होतं. तिने वही मिटली.

"सगळ्यांना आत बोलवा," ती म्हणाली. "हो, इथेच. वासासकट."

५

चौघे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बोटंने पहिल्यांदाच वेफर्सचं पाकीट बाहेर ठेवलं होतं. आत्या बोलत होती आणि तिच्या प्रत्येक शब्दाला भिंती लाल होऊन विझत होत्या.

"तीन बेचाळीसला पेटीतल्या फोनवरून माझ्या भाचीला फोन गेला. भावाने केला नाही. त्याचे हात खळीत, फोन बाहेर. हे पोरगं नाही. याने केला असता तर फोनला वेफर्सचा वास आला असता. ही बाई खाली फाटकावर."

"उरलो आम्ही दोघं," दिवेवाला म्हणाला.

"तुम्ही नाही. ज्याला आत मरणारा माणूस कळला, तो तीन चाळीसला वहीत बिघाड लिहीत नाही. तुम्हाला तो शेवटपर्यंत कळलाच नाही, हीच तुमची लाज आहे आणि हीच तुमची सुटका. तुम्ही मालकांना सांगितलं आणि परत जाग्यावर बसलात. मग काय झालं?"

"थोड्या वेळाने लाल यायला लागला. आवाजाबरोबर, अगदी बरोबर. मला वाटलं, मालकांनी दुरुस्त केलं."

"केलंच." आत्याने वही उघडून त्यांच्यासमोर धरली. "तीन चव्वेचाळीस. 'दुरुस्त.' खाली सही. आणि दुरुस्तीचं बटण या खोलीच्या आत आहे. मालक, तुम्ही तर म्हणता सहापर्यंत इथे पाऊल टाकलं नाही."

मालकांनी अंगठी फिरवली. "ताई, तुम्ही दुःखात आहात, मी समजू शकतो. सह्या मी दिवसाला वीस करतो. न बघता करतो."

"आणि बारावं मरण? तेही न बघता छापलं?"

"ते काकांनी आदल्या दिवशीच करून दिलं होतं. केवढ्या प्रेमाने..."

"खोटं आहे," दिवेवाला म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला. "माइककडे बटण फिरवलं, की येणारा प्रत्येक आवाज आपोआप साठतो. कोणी सांगावं लागत नाही. विकायचा तुकडा मालकांनी कापून घेतला असेल, पण पूर्ण मूळ इथेच राहतं. मूळ वेगळं पुसावं लागतं हे मालकांना माहीत नाही, त्यांनी कधी विचारलं नाही." त्याने यादी खाली सरकवली. "सापडलं. त्याच दिवसाचं. सुरुवात तीन त्रेचाळीस. लांबी..."

आत्याने वाकून स्वतः वाचलं. एक तास आणि नऊ मिनिटं.

"लावा."

चारही कोपऱ्यांतून आधी पावलं आली. चप... चप... चप... खळीत रुतून सुटणारी. भावाला त्या दिवशी हवा होता तो दलदलीचा आवाज, अगदी हुबेहूब, त्याच्या मालकाच्या बुटांनी करून दिलेला. पावलं माइकपासून लांब गेली. मग दार लागलं, हलक्या हाताने, झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये तसं. आणि मग एक श्वास, घरघरीचा, आणि भिंती लाल झाल्या. तो कण्हला, भिंती लाल. पुन्हा कण्हला, पुन्हा लाल. कण्हण्याच्या मधे तो एक शब्द बोलला, दोनदा. घरातलं, लेकीचं लाडाचं नाव. "चिमे... चिमे..."

"बंद करा," मेहुणी ओरडली. ती रडत नव्हती, तिला ओकारी येत होती. "मी इथे काचेपलीकडे होते. ते वाहवा करत होते आणि मी हसून त्यांना साखर किती घालू विचारत होते."

बोटं खाली बसला होता आणि दोन्ही केशरी पंजे त्याने कानांवर दाबून धरले होते.

मालकांनी खिशातून रुमाल काढला. आणि मग आत्याने नोकरीच्या तीस वर्षांत असंख्य वेळा पाहिलेली गोष्ट घडली. पकडला गेलेला माणूस खाली मान घालत नाही, तो तक्रार करू लागतो.

"मी डॉक्टर आहे का? मला वाटलं पित्त झालं असेल. काका नाटकी होतेच, साऱ्यांना माहितीय. पाहुणे पंधरा मिनिटांवर आलेले. दारात रुग्णवाहिका उभी राहिली असती तर काय राहिलं असतं धंद्याचं? या सगळ्यांची पोटं चालतात यावर! दिवे जुळले, तर निदान पाहुण्यांना वाटणार नाही की..." ते थांबले, आणि त्यांना एकदम आधार सापडला. "आणि मी घरच्यांना कळवलं होतं! पहिल्यांदा तेच केलं. एक नंबर दाबला. तुमच्याच भाचीने फोन कापला. ती आली असती, मागच्या जिन्याने घेऊन गेली असती. मग चूक कोणाची?"

त्यांच्या आवाजाने पेटलेल्या भिंती हळूहळू विझल्या.

आत्याला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. आली ती किळस, निखळ, घशापर्यंत. घमेल्यातल्या अळ्यांकडे तिने पाहिलं. त्या बिचाऱ्या निदान मेलेल्या वस्तूवर जगत होत्या.

"तीस वर्षांत मी पालींचं सांबार पाहिलं, उंदरांच्या लेंड्यांचं पीठ पाहिलं," ती म्हणाली. "पण ज्या घाणीला हात लावायला मला हातमोजा पुरणार नाही, अशी ही पहिलीच." मग ती दिवेवाल्याकडे वळली. "ते मूळ मला भरून द्या. आणि वहीला मी हात लावलाय, आता ती माझ्याबरोबर येते. पोलिसांपुढे तुम्ही बोलाल?"

"बोलेन," दिवेवाला म्हणाला. "तीन तेहेतीसपासून सगळं बोलेन."

मालक दाराकडे निघाले होते. मेहुणी आधीच दारात जाऊन उभी होती आणि तिने हातातला पत्रकांचा गठ्ठा त्यांच्या बुटांपाशी टाकला.

६

पोलीस चौकीतून घरी यायला चार वाजले. आत्याने आधी हात धुतले. साबण लावून एकदा, मग पुन्हा एकदा, कोपरापर्यंत. पोलिसांनी कागद नीट केले होते, वकिलाचा पत्ता मिळाला होता. कायद्यात हे कुठल्या खणात बसतं ते आता ती माणसं बघतील. तिला वेगळंच काम उरलं होतं.

भाची पलंगावर तशीच होती. फोन उशाशी.

आत्या शेजारी बसली. तिने पोरीचा हात हातात घेतला, चांगला दाबून धरला आणि सांगायला लागली. पेटीचं सांगितलं, खळीचं सांगितलं, वहीचं सांगितलं. मालकांचं एक नंबरचं बटण सांगितलं. पोर डोळे मोठे करून ऐकत राहिली.

"म्हणजे तो फोन..."

"त्या माणसाचा. स्वतःची घाण उचलायला तुला बोलावत होता. तू कापलास तो त्याचा फोन. तुझ्या बापाचा नव्हे."

सहा दिवसांनी ती पहिल्यांदा रडली. आत्याने तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने पोरीने डोळे पुसले, पाणी मागितलं, प्याली. "भूक लागलीय," म्हणाली. आत्या उठली.

"आत्या."

"काय गं?"

"त्या आवाजांत... तू ऐकलंस ना? बाबांनी मला हाक मारली होती का?"

आत्या दारात उभी होती. नोकरीच्या तीस वर्षांत तिने एकही खोटा शेरा लिहिला नव्हता. मंत्र्याच्या भावाच्या खानावळीलासुद्धा नाही. पर्समध्ये ते एक तास नऊ मिनिटांचं ध्वनिमुद्रण होतं. कधीतरी, कुठल्यातरी कोर्टात, पोर कदाचित ते ऐकेलही. तेव्हाचं तेव्हा.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. लगेच शुद्ध गेली त्याची."

आणि ती स्वयंपाकघरात गेली, पातेलं चुलीवर चढवलं. आयुष्यातला पहिला खोटा शेरा होता तो, आणि तिला त्याची मुळीच किळस वाटली नाही.